होडीवर काय चढवायचं नाही

यूट्यूबवर अमेरिकन लोकांचं एक वेगळंच विश्व आहे. बारा-चौदा फुटांची, सपाट तळाची, अल्युमिनियमची एक साधी होडी घ्यायची आणि तिला शिकारीसाठी, मासेमारीसाठी सज्ज करायचं. या होडीला तिकडे 'जॉन बोट' म्हणतात. आत प्लायवूडची फळी बसवतात, मागे पेट्रोलचं इंजिन, पुढे बॅटरीवर चालणारी बिनआवाजाची छोटी मोटर. मग मासे दाखवणारा फिश फाइंडर, गळाच्या काठ्या अडकवायला नळ्या, बदकांच्या मोसमात लपायला गवताचा आडोसा. व्हिडिओ संपेपर्यंत होडीपेक्षा तिच्यावरचं सामान महाग झालेलं असतं. लोक जेवताना रेसिपीचे व्हिडिओ बघतात, तसे मी हे बघतो.

त्यात मला सगळ्यांत रस वाटला तो एका उलट्या गोष्टीत. इतकं सामान चढवणाऱ्या या लोकांकडे 'काय करायचं नाही' याची यादीही तेवढीच लांब आहे. बदकांची शिकार करताना बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसं बसता कामा नयेत. चालत्या मोटरबोटीतून गोळी झाडायची नाही. इंजिन बंद हवं आणि होडीची पुढची चालही थांबलेली हवी. जिवंत बदकं बांधून इतर बदकांना भुलवणं १९३५ पासून बंद आहे, दाणे टाकून बोलावणंही. थिओडोर रूझवेल्टने १८८७ मध्ये काढलेल्या शिकाऱ्यांच्या क्लबाने याच विचाराला पुढे 'फेअर चेस' म्हटलं: प्राण्याला निसटायची खरीखुरी संधी उरली पाहिजे. आता तोच वाद माशांवर आलाय. पुढे पाण्यात पोहणारा एकेक मासा थेट स्क्रीनवर दाखवणारं सोनार निघालं, आणि २०२५ च्या मोसमात तिथल्या एका मोठ्या व्यावसायिक गळ-स्पर्धेने ते दिवसाच्या तीन सत्रांपैकी एकाच सत्रात वापरायचा नियम केला.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीवर बंदी आहे. त्यामुळे बदकांचा भाग आपल्याला लागू नाही. माशांचा मात्र शंभर टक्के लागू आहे, आणि आपल्याकडे तो छंदाचा नाही, पोटाचा आहे.

मी चिंचपोकळीत राहतो, कोड लिहितो. आजोबा मालवणहून गिरणीत कामाला आले, त्यांचे भाऊ गावीच राहिले. त्यामुळे घराण्याची एक फांदी लालबाग-चिंचपोकळीत आणि दुसरी समुद्रावर. त्या दुसऱ्या फांदीतला माझा चुलतभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, म्हणून दादा. त्याने कर्ज काढून एक वापरलेली फायबरची होडी घेतली. इंजिन होतं, जाळी होती. बाकीचं 'करंटचं काम' माझ्याकडे आलं. इंजिनिअर झालेल्या पोराकडे गावातलं करंटचं सगळं काम येतं, मग तो जावास्क्रिप्ट का लिहीत असेना.

मी स्प्रेडशीट उघडली. बॅटरी, फ्यूज, गंज न धरणारी कल्हई केलेली तांब्याची वायर, जीपीएस, वॉकीटॉकीसारखा व्हीएचएफ सेट, फिश फाइंडर, बर्फाची पेटी, लाइफ जॅकेट. शेवटच्या ओळीत दादाने व्हॉट्सॲपवरून भर घातली होती: 'पाण्याखालचे एलईडी, हिरवे, चार'.

हा लेख त्या शेवटच्या ओळीबद्दल आहे.

*

आधी वरच्या ओळींबद्दल बोलू, कारण त्या बिनवादाच्या वाटतात आणि तशा नाहीत.

यादीतलं काही सामान माणसाला घरी परत आणतं. लाइफ जॅकेट, व्हीएचएफ, धुक्यात किंवा अंधारात किनारा दाखवणारा जीपीएस. यावर कोणाचाच आक्षेप नसावा. दादा सुखरूप परत आल्याने शेजारच्या होडीचं काही कमी होत नाही.

दुसरं सामान पकडलेला मासा वाया जाऊ देत नाही. बर्फाची पेटी आणि साधा मोबाइल फोन. फोनबद्दल तर अर्थशास्त्रातला एक प्रसिद्ध अभ्यास आहे. रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ मध्ये तो प्रसिद्ध केला. १९९७ ते २००१ या काळात केरळच्या किनाऱ्यावर मोबाइलचे टॉवर टप्प्याटप्प्याने आले. त्याआधी एका बंदरावर तारली घ्यायला गिऱ्हाईक नाही म्हणून ती फेकून द्यायची वेळ यायची, आणि काही किलोमीटरवरच्या दुसऱ्या बंदरावर तारली मिळत नसायची. फोन आल्यावर मच्छीमार समुद्रातूनच भाव विचारून कुठे लागायचं ते ठरवू लागले. फेकून देणं जवळजवळ संपलं, मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासा सुमारे ४ टक्क्यांनी स्वस्त मिळाला. यासाठी समुद्रातून एकही मासा जास्त काढावा लागला नव्हता.

तिसरं सामान मासा शोधतं. इथे विचार करावा लागतो.

फिश फाइंडर म्हणजे होडीच्या तळाशी बसवलेला, आवाज सोडणारा आणि ऐकणारा तुकडा. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो. वीस मीटर खोल तळावर आपटून तो परत यायला सुमारे २७ मिलिसेकंद लागतात. त्याआधीच काही परत आलं, तर मध्ये काहीतरी आहे. बऱ्याच माशांच्या पोटात हवेची एक पिशवी असते, तिच्यामुळे ते पाण्यात तरंगत राहतात. तीच पिशवी आवाज जोरात परतवते आणि माशाची चुगली करते. जपानमधल्या नागासाकीच्या फुरुनो भावांनी १९४८ मध्ये पहिला व्यवहारात चालणारा फिश फाइंडर विकायला आणला. ते मच्छीमारांच्या होड्यांवर विजेच्या दिव्यांची कामं करत. बुडबुडे येतात तिथे मासा असतो, हे एका जुन्या मच्छीमाराचं बोलणं त्यांनी मनावर घेतलं आणि पाण्याची खोली मोजणाऱ्या यंत्राला मासा ऐकायला शिकवलं.

फिश फाइंडरवर नेहमीचा आक्षेप असतो की त्याने कसब मरतं. आमच्या काकांचंही तेच म्हणणं. पाण्याचा रंग, पक्ष्यांची घिरटी, करंटाची दिशा हे वाचणारा माणूस मोठा, आणि स्क्रीन बघणारा लहान. मला काकांबद्दल आदर आहे, पण हा युक्तिवाद पटत नाही. काकांचं जाळं नायलॉनचं आहे, त्यांच्या वडलांचं सुताचं होतं. काकांच्या होडीला इंजिन आहे, वडलांच्या होडीला शीड होतं. प्रत्येक पिढीला आपल्या तरुणपणातलं तंत्रज्ञान नैसर्गिक वाटतं आणि पोरांचं तंत्रज्ञान म्हणजे फसवणूक. ही हळहळ खरी असते, तिच्यातून नियम मात्र निघत नाही.

शिवाय मासा कुठे आहे हे तर सरकारच सांगतं. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहाने समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि हरितद्रव्य मोजते, आणि मासे मिळण्याची शक्यता असलेल्या पट्ट्यांची सूचना फुकट देते. ती सर्वांना मिळते, म्हणून मच्छीमारांमध्ये कोणावर अन्याय होत नाही. माशांवर होतो का, हा वेगळा प्रश्न. इथे मला पहिल्यांदा जाणवलं की 'फेअर' या एका शब्दात दोन वेगळी देणी लपली आहेत. एक समुद्राचं देणं, दुसरं शेजारच्या होडीचं.

*

नवं-जुनं या कसोटीवर काही ठरत नसेल, तर ठरवायचं कशावर? मी माझ्या धंद्यातली कसोटी लावून पाहिली. एखादं फीचर एका युजरला छान चालतं. ते एक लाख युजरनी एकाच वेळी वापरलं तर सर्व्हर उभा राहील का, हे बघायला आम्ही लोड टेस्ट करतो. कांटने अडीचशे वर्षांपूर्वी याहून गंभीर भाषेत असंच काहीसं सांगितलं होतं: तुझं वागणं ज्या नियमावर चालतं, तो सगळ्यांचा नियम व्हावा असं तुला म्हणता येईल का, ते बघ.

लाइफ जॅकेट लोड टेस्ट पास होतं. बर्फाची पेटी पास होते. फिश फाइंडर काठावर पास होतो: सगळ्यांनी बसवला की कोणाचाच वरचष्मा राहत नाही, यंत्राचा खर्च तेवढा डोक्यावर बसतो आणि मासा थोडा लवकर संपतो. पण स्क्रीनवर दिसलेला मासा अजून आपल्या जागी असतो. जाळं टाकायचं कसब, वेळ, नशीब, सगळं शिल्लक असतं.

दिव्यांचं तसं नाही. रात्री पाण्यात प्रखर दिवा लावला की त्याच्याभोवती सूक्ष्म जीव आणि बारीक मासे गोळा होतात, त्यांच्या मागोमाग मोठे. मोठ्या बोटी जनरेटरवर असे दिवे चालवतात आणि लांबलांबून मासा एका जागी आणतात. मग गोल फिरवलेलं पर्ससीन जाळं खालून बंद केलं की लहान-मोठा, अंडी घातलेला-न घातलेला, सगळा एकदम वर येतो. फिश फाइंडर माशाकडे जातो. दिवा माशाला बोलावतो. आणि शेजारच्या दहा होड्यांसमोरून बोलावतो.

म्हणून केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. महाराष्ट्राने त्याआधी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, पर्ससीनवर निर्बंध आणले होते, आणि १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा २०२१ मध्ये सुधारून दंड लाखांच्या घरात नेला. तरीही मालवणच्या किनाऱ्यावर रात्री उभं राहिलं की क्षितिजावर कधी कधी गाव वसल्यासारखा उजेड दिसतो.

दादाचं म्हणणं त्या उजेडाकडे बोट दाखवून सुरू झालं. "ते लायटी लावन समुद्र झाडून नेतत, आणि मी चार दिवे लावलंय तर पाप?"

लोड टेस्टने याचं उत्तर मिळत नाही. लोड टेस्ट विचारते, सगळ्यांनी केलं तर? दादा विचारत होता, बाकीचे करतायतच, तर मीच का नाही? नियम मोडणारे बलवान आहेत आणि पाळायला सांगताय दुबळ्याला. त्याच्या चार हिरव्या दिव्यांनी समुद्राचं होणारं नुकसान त्या बोटींच्या एका रात्रीच्या तुलनेत नगण्य आहे. त्याचा हप्ता मात्र नगण्य नाही.

अर्थशास्त्रात याला गॅरेट हार्डिनने १९६८ मध्ये 'सामायिकाची शोकांतिका' म्हटलं. कुरण सगळ्यांचं असेल तर प्रत्येकाला आणखी एक गुरं सोडण्यात फायदा दिसतो, आणि कुरण संपतं. हार्डिन वाचून वाटतं, दादा शहाणाच वागतोय.

*

पण मी वाढलो ते घर हार्डिनच्या विरोधातला पुरावा आहे.

आजोबा चिंचपोकळीत आले तेव्हा गावकीच्या खोलीत राहिले. गिरणगावात अशा खोल्या गावागावांच्या नावाने होत्या, काही अजून आहेत. एका खोलीत वीस-पंचवीस बाप्ये. प्रत्येकाची एक पेटी, एक वळकटी, भिंतीवर एक खुंटी. पहिल्या पाळीचे उठले की रात्रपाळीचे त्याच जागी आडवे होणार. महिन्याची वर्गणी, झाडलोटीच्या पाळ्या, भांडण झालं तर बैठक. आजोबा त्या खोलीचा एक नियम सांगायचे: खाट आणायची नाही. खाटेत वाईट काय? काहीच नाही. जमिनीवर झोपण्यापेक्षा बरीच. पण त्या खोलीत एकाची खाट म्हणजे दोघांची झोप.

नियम पाळला जायचा तो सगळे संत होते म्हणून नाही. खाट लपवता येत नाही, म्हणून. जो आणेल त्याला संध्याकाळी त्याच पंचवीस जणांत बसून जेवायचं असे, म्हणून. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, मुकादम असो की बदली कामगार, जमिनीवर सगळेच झोपत, म्हणून.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच गोष्टी जगभर शोधल्याबद्दल. त्यांनी तुर्कस्तानातल्या अलान्या गावच्या मच्छीमारांचं उदाहरण दिलंय. चांगल्या जागांवरून मारामाऱ्या व्हायच्या. मग त्यांनी जाळं टाकायच्या सगळ्या जागांची यादी केली आणि सप्टेंबरमध्ये चिठ्ठ्या टाकून पहिली जागा ठरवली. तिथून जानेवारीपर्यंत प्रत्येक होडी रोज पूर्वेकडच्या पुढच्या जागेवर सरकणार, नंतर पश्चिमेकडे. चांगली जागा प्रत्येकाच्या वाट्याला येणार, वाईटही. पोलीस लागत नाही, कारण आज ज्याची पाळी चांगल्या जागेची आहे तो स्वतःच तिथे पहाटे हजर असतो.

आपल्या किनाऱ्यावरची रापण याच जातीची. होडीतून अर्धवर्तुळात जाळं सोडायचं, दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची आणि आलेल्या मासळीचे वाटे करायचे. लहानपणी मे महिन्यात आम्ही मुंबईची पोरं नुसता दोरीला हात लावायचो, तरी संध्याकाळी हातात चार मासे पडायचे.

खोली, अलान्या, रापण. तिन्ही ठिकाणी नियम टिकला, कारण पाळायची किंमत सगळ्यांनी वाटून घेतली. त्या उजेडाच्या बाबतीत तसं होत नाही. तिथे नियम पाळायची पूर्ण किंमत दादासारखा लहान होडीवाला भरतो, मोडायचा फायदा दुसरा घेतो आणि मासा स्वस्त झाला म्हणून तिसरा खूश होतो. तो तिसरा चिंचपोकळीत राहतो.

*

दिवे मी लावणार नाही, असं दादाला सांगितलं. फोनवर थोडा वेळ फक्त वारा ऐकू आला. मग म्हणाला, "तू नाय लावलंस तर दुसरो कोणतरी लावतलो."

हे खरं आहे. आणि हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे. आमच्या धंद्यात युजरला रात्री दोनपर्यंत स्क्रीनला चिकटवणारं फीचर असंच बनतं. मी नाही लिहिलं तर शेजारच्या टेबलवरचा लिहील. तेही एक प्रकारचे दिवेच: अंधारात एक उजेड करायचा, आणि जे येईल त्याभोवती जाळं ओढायचं. 'दुसरा करेलच' हे विधान बहुतेक वेळा बरोबर असतं, पण ते भविष्याबद्दल आहे. माझ्या हाताने काय व्हावं याबद्दल ते काही सांगत नाही. दुसऱ्याने खाट आणलीच तर ती निदान त्याची असेल, आणि बैठकीत तिच्याबद्दल बोलायला माझं तोंड मोकळं असेल.

दादाचं पुढचं वाक्य मात्र जास्त खोल गेलं. "तुझो पगार एक तारखेक येता. माझो समुद्र दिता, तो पण त्याची मर्जी असली तर."

यावर माझ्याकडे युक्तिवाद नव्हता, आणि असूही नये. महिन्याचा पगार घेणाऱ्याने मालवणच्या होडीवर नैतिक बंधन घालणं फार सोपं आहे. नकार माझा, तोटा त्याचा. खोलीत स्वतः खाटेवर बसून इतरांना जमिनीचं महत्त्व सांगण्यासारखं. म्हणून त्या फोननंतर मी माझ्यापुरता एक नियम केला: ज्या नकाराची किंमत फक्त समोरच्याला पडते, तो नकार अपुरा आहे. ती किंमत नकार देणाऱ्यानेही उचलली पाहिजे, नाहीतर ते तत्त्व नाही, नुसता सल्ला आहे.

व्यवहारात याचा अर्थ साधा निघाला. बॅटरी, वायरिंग, जीपीएस आणि व्हीएचएफचं काम मी केलं. दिव्यांऐवजी जाड भिंतीची, मोठी बर्फाची पेटी आली, तिचे पैसे मी दिले. रात्रीचा मासा सकाळपर्यंत कडक राहिला तर त्याला भाव चांगला येतो, व्यापारी म्हणेल त्याला द्यावा लागत नाही. चिंचपोकळी, करी रोड, लालबागमधली वीस-बावीस घरं एका व्हॉट्सॲप ग्रुपवर आणली. जाळ्यात येईल तो मासा, ठरलेल्या भावाने, मध्ये कोणी नाही. पेटी रात्रीच्या बसने येते. 'आज फक्त बांगडा आहे' असा मेसेज आला की बांगडा खायचा. सुरमईचा हट्ट धरायचा नाही. केरळच्या फोनसारखं हे: मासा तेवढाच, वाया कमी, भाव जास्त. चार दिव्यांनी जेवढे पैसे आले असते तेवढे यातून येतात का? नाही. निम्म्याच्या आसपास येतात. उरलेल्या निम्म्याचं काय, हे दादा दर दोन महिन्यांनी विचारतो आणि त्याचा विचारायचा हक्क आहे.

गिऱ्हाइकाच्या वाट्याला आणखी एक गोष्ट येते. पापलेट २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा जाहीर झाला. त्याच वर्षी राज्याने ५४ जातींसाठी पकडायची किमान लांबी ठरवून दिली. पापलेटसाठी ती १३.५ सेंटीमीटर आहे. तुम्ही हा लेख ज्या फोनवर वाचताय तो बहुधा १५-१६ सेंटीमीटर लांब असेल. बाजारात ताटलीवर मांडलेल्या पापलेटांशेजारी तो सहज धरून बघता येतो. पापलेट फोनहून बरंच आखूड भरलं तर ते तिथे असायला नको होतं. ते घेऊ नये, आणि मावशींना का घेत नाही तेही सांगावं. त्या वैतागतील. मावशींनी ते मासे भाऊच्या धक्क्यावर लिलावात पैसे मोजून घेतलेले असतात, त्यामुळे आपल्या नकाराची किंमत पुन्हा दुसऱ्यावरच पडते. म्हणून तिथून रिकाम्या पिशवीने निघून यायचं नाही. त्यांच्याकडचाच दुसरा, पूर्ण वाढलेला मासा घ्यायचा, घासाघीस न करता.

एवढ्याने क्षितिजावरचा उजेड विझणार नाही. त्यासाठी गस्तीची नौका लागते, दंड खरंच वसूल करणारं खातं लागतं आणि त्यामागे लागणारी मच्छीमार सोसायटी लागते. दादा आता सोसायटीच्या बैठकांना जातो, तावातावाने बोलतो. त्याच्या होडीवर दिवे असते तर त्याला तिथे मागच्या रांगेत गप्प बसावं लागलं असतं, असं मी एकदा म्हणालो. तो म्हणाला, "बोलान पोट भरणा नाय." मग थोड्या वेळाने त्याने पुढच्या बैठकीसाठी अर्ज टाइप करून मागितला. मी तो त्याच रात्री पाठवला.